नारा, कोयासान आणि मैत्री

माझ्या निवृत्तीच्या निरोप समारंभातून घरी आलो, त्याच संध्याकाळी शोभा म्हणाली, "आता मले जपानचा मोठा बुद्ध पाहाचा आहे."

आमच्या सौसरच्या विहारात त्या बुद्धाचं चित्र आहे. लग्नानंतर बायकोनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट. मूलबाळ नाही, अडवणारं कोणी नाही. एप्रिल सरता सरता निघालो. बसनं नागपूर, तिथून दिल्ली, मधे विमान बदलून ओसाका. ओसाकाच्या विमानतळावरून नाऱ्याला थेट बस मिळते. सामान जास्त असेल तर रेल्वेपेक्षा तीच बरी.

नाऱ्याच्या बागेत हरणं मोकळी फिरतात. त्यांच्यासाठी बिस्किटं विकत मिळतात, पण पुडा उघडेपर्यंत त्यांना धीर कुठला! एकानं शोभाचा पदरच ओढला.

"अवो, हे तं बकरीहून आगाऊ आहे!" ती खळखळून हसली.

तोदाइजी मंदिरात, मोठ्या बुद्धासमोर, तिनं पदर सारखा करून हात जोडले. अवाढव्य लाकडी सभागृहात काळसर बुद्ध, उजवा हात अभय देणारा. आम्ही हळू आवाजात त्रिसरण म्हटलं.

शाकाहारी मंडळींनी एक ध्यानात ठेवावं, साध्या नूडल्सच्या रश्शातही मासळीचा अर्क असतो. कोयासान या मठांच्या डोंगरावर ती चिंता नाही. ओसाकाहून डोंगराच्या पायथ्यापर्यंत रेल्वे, पुढे केबल कार, वर बस. मुक्काम मठात, खोली आधीच राखून ठेवा. चटईवर गादी, जेवायला टोफू, भाज्या, भात. स्वेटर न्या, वर चांगलाच गारठा असतो.

सकाळी ओकुनोइनच्या दफनभूमीत गेलो. उंच झाडांखाली शेवाळलेली जुनी थडगी आणि मधेमधे लहान दगडी मूर्ती. मूर्तींच्या गळ्यात लाल लाळेरी. एक म्हातारी बाई एका मूर्तीचं लाळेरं बदलत होती.

"दगडाले लाळेरं कायले?" शोभानं विचारलं.

मी मोबाइलवर तो प्रश्न जपानीत करून बाईंना दाखवला. त्यांचं उत्तर मराठीत उमटलं, 'हा जिझो. आईबापांआधी गेलेल्या बाळांना हा सांभाळतो.' मग त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला, एक बोट दाखवलं आणि शोभाकडे पाहिलं.

शोभानंही एक बोट वर केलं.

आमची मुलगी नागपूरच्या दवाखान्यात जन्मली, पण दुसरा दिवस तिनं पाहिला नाही. सगळे म्हणाले, दुसरं होईल. झालं नाही. आमच्या घरात तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

बाईंनी पिशवीतून नवं लाळेरं काढून शोभाच्या हातात दिलं. शेजारच्या उघड्या मूर्तीला ते बांधताना तिला गाठ मारता येईना. मी पुढे झालो तर तिनं माझा हात बाजूला केला.

"मैत्री," ती म्हणाली. मला वाटलं, त्या बाईंबद्दलच बोलून राहिली.

"तिचं नाव जी. पोटात होती तेव्हाच ठेवलं होतं मी. कोणाले सांगितलं नाही."

आम्ही तिथंच बाकावर बसलो. तिनं विचारलं, "तुम्ही तिले कुठं ठेवलं जी?"

तेव्हा शोभा दवाखान्यातच होती. मी आणि माझा थोरला भाऊ, दादा, बाळाला घेऊन गेलो होतो.

"मोहगावच्या वावरात. धुऱ्यापाशी."

"मले दाखवा."

पुढे तिकिटं काढलेली होती म्हणून क्योटोला गेलो. सोन्याचं मंदिर पाहिलं, गर्दी फार होती. क्योटोची माहिती तुम्हाला दुसऱ्या कुणाच्या लिखाणात जास्त चांगली मिळेल.

घरी पोचल्यावर सामानही न उघडता मोहगावच्या शेतावर गेलो. दादानं मधल्या काळात जुना धुरा, म्हणजे शेताचा बांध, मोडून संत्र्याची बाग लावली होती. सारख्या ओळी, सारखी झाडं. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चाललो.

"शोभा, नेमकी जागा सांगता येत नाही मले."

ती एका झाडाला धरून उभी राहिली. रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "मंग साऱ्याच झाडायले पाणी देऊ."

मी मोटार सुरू केली. ती अनवाणी पाटाच्या कडेनं चालत गेली आणि एकेका आळ्याशी थांबून, पाणी बुडाशी पोचेपर्यंत पाहत राहिली.