जवरय्याचं पांढऱ्या गाडीशी वैर

जवरय्याने रस्त्यात तोंड बंद ठेवून सायकल चालवायची, असा निकाल चेलुवम्माने गौरीच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दिला, आणि सातव्या क्रॉसच्या गल्लीतल्या निम्म्या घरांनी तो आपापल्या खिडकीशी कान लावून ऐकला. उरलेल्या निम्म्यांना संध्याकाळपर्यंत कळला. ते कसं, हे विचारू नये.

"आणखी एक भांडण," चेलुवम्मा फाटकात उभी राहून म्हणाली, "एकच! की ही सायकल मी माझ्या भावाला, केंपय्याला देणार. नेऊ दे गावाला, नरसीपूरला. वैरणीचे भारे तरी वाहील तिच्यावर."

"अगं, मी कुठं भांडतो? ते लोकच..."

"मग काल त्या डॉक्टरांच्या गाडीचं बोनेट कुणी बडवलं? मी?"

आदल्या दिवशी डॉक्टरांनी मागे न बघता गाडी फाटकाबाहेर काढली होती, आणि जवरय्याने बोनेटवर असा काही पंजा हाणला होता की गाडी आपणहून बोंबलायला लागली ती दहा मिनिटं थांबेना. डॉक्टर मागोमाग घरी आले. घरात गौरीला आलेल्या सवाष्णी बसलेल्या. त्यांच्यासमोर जवरय्याने डॉक्टरांच्या परवान्याचा, डोळ्यांचा आणि ते ज्यांचे डोळे तपासतात त्या रोग्यांचाही उद्धार केला. सवाष्णींची करमणूक झाली, पण चेलुवम्माची मान खाली गेली.

सायकल जाणं म्हणजे काय, ते जवरय्याला पक्कं ठाऊक होतं. छत्तीस वर्षं म्हैसूरच्या या भागात त्याने याच सायकलवरून टपाल वाटलं. निवृत्तीच्या दिवशी पिशवी खात्याला परत केली, सायकल स्वतःची होती ती राहिली. गुडघे असे की पायी चालायचं म्हटलं तर दुधाच्या बूथपर्यंत दोनदा बसावं लागे, पण पायडलवर बसला की हाच माणूस चामुंडीच्या पायथ्यापर्यंत जाऊन येई. रोज सहाला निघायचं, मार्केटजवळच्या हॉटेलात दोन जुन्या पोस्टमनांबरोबर एक कॉफी तिघांत करून प्यायची, टपालखात्याची निंदा करायची, चेलुवम्माला हातभर मोगरा आणि विड्याची पानं घेऊन आठला परत. सायकल गेली की हे सगळं जाणार आणि दिवसभर नवराबायकोने समोरासमोर बसायचं. खरं सांगायचं तर याची धास्ती चेलुवम्मालाही होती. पण बाई शब्दाची पक्की.

आता अडचण अशी, की सायकलवाल्याजवळ मोटारवाल्याशी लढायला असतं तरी काय? घंटी. ती मोटारवाल्याला काच बंद करून, गाणी लावून ऐकू येते म्हणता? मग हात. मग जीभ. हात आणि जीभ दोन्ही चेलुवम्माने काढून घेतले. राहिली घंटी.

आणि नेमक्या त्याच दिवसांत पांढरी गाडी मागे लागली.

पिंपळाच्या कट्ट्याशी रस्ता रुंद आहे, तरी जवरय्या गटाराच्या अगदी कडेने जाई. छत्तीस वर्षांची सवय. डावी बाजू म्हणजे डावी बाजू. सव्वासहाला मागून ती उंच पांढरी गाडी यायची, भर्रकन त्याच्या पुढे जायची आणि लगेच त्याच्या नाकासमोरून डावीकडे, नवव्या क्रॉसमध्ये वळायची. म्हणजे वळायचंच होतं तर अर्धा मिनिट मागे थांब की बाबा! पण नाही. जवरय्याने करकचून ब्रेक दाबायचा, डावा पाय गटारात टाकायचा आणि तिथल्या हॉटेलाचं इडलीच्या भांड्यांचं धुवण चपलेत भरून घ्यायचं. एक दिवस नव्हे, दोन दिवस नव्हे. रोज.

पाचव्या दिवशी तो गटारात एक पाय घालून तसाच उभा राहिला. दातांपर्यंत आलेली शिवी गिळली. शिवी गिळल्यावर घशाला काय होतं ते त्याने हॉटेलात मित्रांना सांगितलं, तेव्हा ते दोघे खदाखदा हसले.

"अरे जवरय्या, तुझ्या बायकोला पोस्टमास्तर करायला हवी होती. खातं सुधारलं असतं."

"हसा. तुमच्या चपलेत धुवण नाही गेलं."

त्याच दिवशी त्याला युक्ती सुचली. चेलुवम्माने भांडायला बंदी केली होती, लिहायला कुठे केली होती? तो नवव्या क्रॉसमधून हळूच एक फेरी मारून आला. पांढरी गाडी अकराशे सत्तेचाळीस नंबरच्या फाटकात उभी. अकराशे सत्तेचाळीस! या घराच्या पायऱ्या त्याला आपल्या घराच्या पायऱ्यांइतक्या माहीत होत्या. दुपारी त्याने पोस्टकार्ड घेतलं आणि पत्ता लिहिला: श्रीमान वेंकटसुब्बय्या, ११४७, नववा क्रॉस. हात आपोआप चालला. पोस्टमनच्या डोक्यात घर म्हणजे त्या घरचं नाव, आणि नाव म्हणजे छत्तीस वर्षं ज्याच्या नावाचं टपाल आलं तो माणूस. त्या घरात आता गाडी कोण चालवतं, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवलाच नाही.

पहिलं कार्ड सभ्य होतं, खाली नाव-पत्त्यासकट. "महाशय, आज सकाळी सव्वासहाला आपण मला डावीकडे दाबून गटारात घातलेत. कृपया वळण्याआधी मागे राहावे." दुसऱ्यात थोडं मीठ आलं. "गटारात काल मी एकटा नव्हतो. एक बेडूक होता. त्याला आपण पाहिले असते तर गाडी थांबवली असती काय?" तिसऱ्या कार्डात जवरय्याने एका दूधवाल्याची हकीकत घातली, जो त्याच वळणावर किटलीसकट आडवा झाला होता. चौथ्यापर्यंत तर अक्षर इतकं दाट झालं की पत्त्याची बाजूही अर्धी भरली.

गाडीत काडीचा फरक नाही. सव्वासहा, भर्रकन, डावीकडे, धुवण.

तीन आठवड्यांनी त्याने त्या भागातल्या नव्या पोस्टमनला, महादेवूला, अडवलं. "काय रे, माझी कार्डं नवव्या क्रॉसमध्ये टाकतोस की तुझ्या पिशवीतच मुक्काम करतात?"

"टाकतो ना, सार. आजोबा फाटकात खुर्ची टाकून वाट बघत असतात. हातात घेतात, तिथंच मोठ्याने वाचतात. मीही थांबतो जरा." महादेवू लाजला. "त्या बेडकाचं फार आवडलं, सार."

"आजोबा? कुठले आजोबा?"

उत्तर दोन दिवसांनी घरी आलं, तेही उघड्या कार्डावर, म्हणजे ते आधी चेलुवम्माने वाचलं. थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: "रा. रा. जवरय्या यांस. आपली पत्रे मिळतात. फार आनंद होतो. मला आता कोणी लिहीत नाही. गाडी माझ्या मुलाची, श्रीवत्सची. तो बॅडमिंटन खेळून येतो. मी त्याला सांगत नाही, कारण मी सांगितलेले तो ऐकत नाही आणि ऐकले तर आपली पत्रे थांबतील. दूधवाल्याचे पुढे काय झाले, ते राहिले. लिहावे. आपला, वेंकटसुब्बय्या."

चेलुवम्मा कार्ड हातात धरून पाच मिनिटं हसत होती. जवरय्याचा चेहरा बघून आणखी पाच मिनिटं.

"अगं, माझी तक्रार आहे ती! तक्रार! आणि हा माणूस ती गोष्टीसारखी वाचतोय!"

"मग छानच लिहिता की तुम्ही. एवढी वर्षं दुसऱ्यांचीच पत्रं वाटलीत."

"हे भांडण नाही ना? की यावरही तुझा निकाल आहे?"

"भांडण कसलं? समोरचा खूश आहे. आणखी चार लिहा."

भांडणाला भांडण न म्हणणं यासारखा दुसरा अपमान नाही. जवरय्याने त्या दिवशी जेवताना सारात मीठ कमी आहे म्हणून सांगितलं, ते कमी नव्हतं. कार्डं लिहिणं त्याने बंद केलं. दूधवाला किटलीसकट तसाच आडवा पडून राहिला.

मग आली आयुधपूजा. त्या दिवशी म्हैसुरात चाकं असलेलं काहीही देव होतं. जवरय्याने सायकल धुतली, तेल घातलं, हँडलला झेंडू बांधला, चाकाखाली लिंबू ठेवून पुढे ढकलली. चेलुवम्माने सायकलला कुंकू लावलं, तेवढ्यापुरती ती मवाळ झाली. मोटारवाल्यांनी मात्र रिवाजाप्रमाणे कुंकवाने भरलेले कोहळे आणून नेमके पिंपळकट्ट्याच्या वळणावर फोडले. दृष्ट गाड्यांची उतरली, गर रस्त्यावर राहिला.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला जवरय्या कडेकडेने आला, मागून ओळखीचा आवाज आला, त्याने सवयीने ब्रेक दाबला आणि चाक कोहळ्याच्या लालभडक चिखलावरून सटकलं. सायकल एकीकडे, जवरय्या दुसरीकडे. कोपर सोललं, धोतर कुंकवाने असं माखलं की खून झाल्यासारखं दिसू लागलं.

पांढरी गाडी थांबली. पहिल्यांदाच थांबली! आतून निघाला चाळिशीचा, गोरा, खेळाच्या चड्डीतला श्रीवत्स. धावत आला, काखेत हात घालून उठवलं, पाण्याची बाटली पुढे केली, सायकलची उतरलेली चेन स्वतःच्या हाताने बसवली.

"अंकल, लागलं का? चला, दवाखान्यात सोडतो. या वयात सायकल कशाला चालवता? इथे नवीन आहात का?"

"नवीन?" जवरय्या म्हणाला. "मी रोज इथून जातो."

"हो? मीही रोज याच वेळी जातो." श्रीवत्स अगदी मनापासून म्हणाला, "तुम्हाला कधी पाहिलं नाही."

झालं. तो मुद्दाम कट मारत होता असं निघालं असतं, तर जवरय्याने कदाचित गिळलं असतं. पण महिनाभर रोज ज्याने आपल्याला गटारात घातलं, त्याला आपण तिथे होतो हेच माहीत नाही? गौरीपासून गिळलेलं सगळं एकदम वर आलं. श्रीवत्स, त्याची गाडी, त्याचं बॅडमिंटन, गाडीचे आरसे आणि ते बनवणारा कारखाना, सगळ्यांचा समाचार झाला. जुन्या पोस्टमनजवळ प्रत्येक गल्लीची वेगळी शिवी असते. त्याने एकही गल्ली सोडली नाही.

श्रीवत्स हात जोडून उभा. "सॉरी अंकल. सॉरी अंकल."

आणि लोक? लोक जमले होते. इडलीवाला, फुलवाली, सकाळी फिरायला आलेले चार पेन्शनर.

"काय म्हातारा आहे! बिचाऱ्याने उचललं, पाणी दिलं, आणि हा त्यालाच शिव्या घालतो."

"सणासुदीचं तरी जिभेला आवर घाला हो, अज्जा."

"अहो, पण यानेच मला..." जवरय्या म्हणाला.

"त्याने? तो तर तुमच्या मागे होता! कोहळ्यावरून घसरलात तुम्ही. आम्ही पाहिलं ना."

आणि ते खरं होतं. तेवढा एक दिवस ते अगदी खरं होतं. त्याआधी महिनाभर पाहायला यांच्यापैकी कुणी नव्हतं. एका पेन्शनराने मोबाइल वर धरलेला होता. जवरय्या सायकल ढकलत घरी पोचला तेव्हा चेलुवम्माने त्याचं सगळं भाषण मोबाइलवर दोनदा ऐकलं होतं. तिने हळद लावली, कोपर बांधलं.

"चूक त्याची आहे," जवरय्या म्हणाला.

"असेल."

"असेल नाही, आहे!"

"आहे. पण भांडलात." ती गाठ मारत म्हणाली. "आणि पडलातही. मला आता सहा ते आठ जिवात जीव नसतो. केंपय्याला फोन केलाय."

केंपय्या शनिवारी संध्याकाळी आला. राकट, शांत माणूस. त्याने सायकलची घंटी एकदा वाजवून पाहिली, सीटवर थाप मारली. "भावोजी, नवरीसारखी ठेवलीय हो. मी जपीन."

जवरय्या त्याला चेन, ब्रेक, मागच्या चाकाची सवय असं काय काय रात्रीच्या जेवणापर्यंत सांगत राहिला. रविवारी पहाटे केंपय्याला बसस्टँडवर जायचं होतं. तिथे सायकल टपावर चढवायची. सहाच्या सुमाराला तो निघणार, म्हणून जवरय्या जरा आधीच निघून, गुडघे सांभाळत, दोनदा थांबत, पिंपळकट्ट्यापर्यंत आला. म्हटलं, निदान वळणावर सांभाळ म्हणून सांगू.

"केंपय्या, कडेने जा रे! कडेने!"

केंपय्याने ऐकलं नाही. तो रस्त्याच्या मधोमध चालला होता. गावात बैलगाडी जशी हाकतात तसा, ताठ बसून, घाई न करता, लुंगी वर खोचून. मागून पांढरी गाडी आली. भोंगा वाजला. केंपय्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. फक्त उजवा हात मागे करून, मागून आलेल्या बैलाला थोपवावं तसा पंजा दाखवला. जरा थांब.

आणि गाडी थांबली. म्हणजे थांबली नाही, पण सायकलच्या चालीने, मुकाट्याने, पाळलेल्या जनावरासारखी मागून येत राहिली. पुढे जायला जागाच नव्हती. कट्टा आला, केंपय्या सरळ निघून गेला, आणि त्याच्यामागून श्रीवत्स सावकाश, नीट, इंडिकेटर देऊन डावीकडे वळला. वळताना त्याने कट्ट्याशी उभ्या असलेल्या जवरय्याला पाहिलं आणि ओळखून नमस्कारही केला.

जवरय्याने नमस्कार परत केला नाही. तो केंपय्याच्या पाठीकडे बघत होता. छत्तीस वर्षं आणि वर निवृत्तीची अकरा, एवढा काळ आपण गटाराच्या कडेने. हाक मारावी, असं त्याच्या मनात आलं. हाक मारली असती तर केंपय्या परतही आला असता, पण परत आणून चेलुवम्माला काय सांगायचं?

घरी आला तेव्हा ती फाटकातच उभी होती. मोगरा आणणारं कुणी नाही म्हणून केसांत काही नव्हतं.

"गेला का नीट?"

"गेला," जवरय्या पायरीवर बसत म्हणाला. "मधून गेला, रांडेचा. आणि कुणी काही बोललं नाही त्याला."