हळदीतले निळे चेहरे

मी कॅमेरा शिकले ती काही कलेच्या ओढीने नाही. नणंदेच्या नवऱ्याला खाली बघायला लावायचं, एवढ्यासाठी शिकले.

नावड्याला पुतण्याची हळद होती. नवाकोरा कॅमेरा गळ्यात अडकवून मी दिवसभर मिरवले. आमच्याकडे हळद म्हणजे मांडव पिवळा, साड्या पिवळ्या, माणसंही पिवळी. दुसऱ्या दिवशी फोटो टीव्हीवर लावले. एकूण एक चेहरा निळसर. नणंदेच्या नवऱ्याने, म्हणजे भाऊजींनी, भरल्या घरासमोर विचारलं, "वयनी, ही हलद हाय का दहावा?" सगळे हसले, माझा नवरा सगळ्यात मोठ्यानं. जावेला मात्र शुभकार्यात दहाव्याचं नाव सोसलं नाही. तिने टीव्ही बंद केला आणि राग काढला माझ्यावर.

मी वाशीला रविवारच्या क्लासला नाव घातलं. तिथे कळलं, एवढा पिवळा रंग एका जागी असतो यावर कॅमेऱ्याचा विश्वासच बसत नाही. ऑटोवर सोडला की त्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, मग तो आपल्या मनाने निळा कालवतो. आधी त्याला पांढरा कागद दाखवून 'हे पांढरं' असं शिकवायचं. वर्षभर मी परातीत हळद ओतून सराव केला. नवऱ्याला पिवळा टॉवेल गुंडाळून गच्चीत उन्हात बसवलं, हसल्याची शिक्षा म्हणून. कंटाळा आला की भाऊजींचं हसणं आठवायचे, लगेच हुरूप यायचा.

मग त्यांच्याच लेकीची हळद आली. माझा बेत ठरला होता. सगळ्यांचे फोटो देखणे काढायचे आणि त्यांचा एकच, तोंडात घास कोंबलेला, डोळे अर्धे मिटलेले. तो फॅमिली ग्रुपवर टाकायचा. तो फोटो मी दुपारीच मिळवला.

संध्याकाळी, पैसे देऊन ठेवलेला फोटोग्राफर बॅटरी बदलायला बाहेर गेला होता. भाऊजी लेकीला हळद लावायला वाकले आणि तिच्या गालावरून त्यांना हात काढवेना. एवढा दांडगा माणूस हमसून रडला. ती हळदीच्या बोटांनी त्यांचे डोळे पुसत राहिली. मी कागद आधीच दाखवून ठेवला होता. एकच फोटो काढला, रंग जसाच्या तसा. इतका चांगला फोटो मला पुन्हा कधी जमला नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊजी आले. "वयनी, माजा न् पोरीचा एखादा आला का?"

"नाय आला," मी म्हटलं. ते मान खाली घालून गेले. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. घासाचा फोटो ग्रुपवर टाकायची गरजच उरली नाही.

महिन्याभराने भाचीचा तिच्या सासरहून, जासईहून फोन आला. "मामी, पप्पांचा आनि माजा हलदीचा एक पन फोटो नाय. तुज्याकडं हाय का बग ना."

या पोरीने माझं कधी काही वाईट केलं नव्हतं. पण आता दिला, तर मी खोटं बोलले हे भाऊजींना कळणार, आणि पुन्हा भरल्या घरासमोर मीच खाली बघणार.

"नाय गं," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि मी जेवले का ते तिने विचारलं.