हात राखून दिलेलं पाणी

नर्मदाबाईंचा कशावरच विश्वास नव्हता. दूधवाल्यानं डोळ्यांदेखत म्हैस पिळून दिली तरी त्या आधी दुधात बोट बुडवून चाटायच्या. कंडक्टर ‘कळमनुरी, कळमनुरी’ म्हणून घसा फोडायचा, तरी त्या एसटीची पाटी आणखी दोघांकडून वाचून घ्यायच्या. मालकांकडे मी मजुरांची हजेरी मांडायला बसलो की मागं येऊन उभ्या राहायच्या. वाचता येत नसलं म्हणून काय झालं! संशय घेताना त्यांनी आपला-परका कधी केला नाही, एवढं मात्र खरं.

आमच्या मालकांनी हिंगोलीबाहेरच्या मुरमाड माळावर गोल्फचं मैदान केलं. इथं गोल्फ खेळणार कोण, हे त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती. नऊ भोकं आणि प्रत्येक भोकाभोवती बारीक कापलेल्या गवताचा गोल तुकडा. त्याला ग्रीन म्हणतात. हळदीच्या खुरपणीत हयात गेलेल्या नर्मदाबाईंना या नऊ ग्रीनवर ठेवलं. तण काढायचं आणि पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. गावाला प्यायला पाणी पुरत नाही, ते गवताला कसं देणार? म्हणून गटारीचं पाणी शेजारच्या प्रकल्पात साफ होऊन पाइपनं आमच्याकडे यायचं. प्रकल्पावर धम्मदीप नावाचा तरुण ऑपरेटर होता.

त्यानं पहिल्याच दिवशी बाईंना सांगितलं, “मावशी, पाणी देताना हात राखू नका. आठवड्यातून दोनदा तुडुंब भिजवा. या पाण्यात खार असतो. थोडं थोडं दिलं की तो वरच बसतो, भरपूर दिलं की मुळाखाली उतरतो.”

बाई “व्हय, व्हय” म्हणाल्या. तो गेल्यावर माझ्याकडे वळल्या. “त्याला त्याची घाण आपल्या रानात रिकामी करायची हाय. न्हाई तर काहून एवढा आग्रह करून राहिला?”

आणि त्यांनी रोज लेकराला औषध पाजावं तसं चमचाभर पाणी द्यायला सुरुवात केली.

उन्हाळ्यात गवताचे शेंडे पिवळे पडले. मातीवर पांढरी साय धरली. मॅनेजर विकासनं बाईंना बोलावून सरळ विचारलं, “गवत तुमच्या ताब्यात होतं ना?” नोकरी जाते असं दिसताच बाई म्हणाल्या, “पाणीच खराब हाय सायेब. धम्मदीप न गाळताच सोडून राहिला. म्या सोताच्या डोळ्यानं फेस पाहिला.” फेस त्यांनी एकदा पाहिला होता, हे खोटं नव्हतं. विकासनं प्रकल्पाच्या ठेकेदाराकडे तक्रारीचा अर्ज करायला सांगितलं. मी लिहिला, बाईंनी अंगठा दिला. माझं अक्षर वळणदार आहे, आणि तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला. आज लाज वाटते.

त्यानंतर बाई कुरुंद्याला भाचीच्या लग्नाला गेल्या. जाताना चौथ्या ग्रीनचा नळ नीट बंद झाला नाही. दोन दिवसांनी परत आल्या तर तिथं तळं. “सडलं आता,” म्हणत त्यांनी नळ आवळला आणि विकासला काही कळू दिलं नाही.

दहा-बारा दिवसांनी नऊपैकी तेवढीच एक ग्रीन हिरवी होती.

बाई तिच्यावर गुडघे टेकून बसल्या. चिमूटभर माती जिभेवर ठेवली, मग पाचव्या ग्रीनची ठेवली आणि थुंकल्या. “म्याच मारलं हो गवत,” एवढंच मला म्हणाल्या.

त्याच आठवड्यात ठेकेदारानं धम्मदीपला कामावरून काढल्याचं कळलं. आम्ही दोघं विकासकडे गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि तो हसला. “आता बोलणं फिरवताय ते! धम्मदीपनं कुठं काम लावून देतो म्हणून सांगितलं का तुमच्या घरच्या कुणाला?”

बाईंनी माझ्याकडून दुसरा अर्ज लिहून घेतला, त्यावर अंगठा उठवला आणि मला मोटरसायकल काढायला लावली.

धम्मदीप प्रकल्पाच्या खोलीत आपलं सामान पिशवीत भरत होता. बाई दारातूनच बोलू लागल्या. “चूक माझी हाय लेकरा. तुझं पाणी चांगलं होतं, म्याच दिलं न्हाई. हे घे, अंगठा देऊन आणलंय. कुठं बी दाखव.”

त्यानं कागद शेवटपर्यंत वाचला. उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. मग तो माझ्या हातात परत दिला.

“आता हे कशाला, मावशी? उद्या म्हणाल, मीच दम देऊन लिहून घेतलं.”

“न्हाई रे! देवाशप्पत न्हाई!” बाईंचा आवाज फाटला. इतकी वर्षं मी त्यांना ओळखतो, पण कुणी आपलं ऐकावं म्हणून त्या अशा कळवळलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

धम्मदीप रागावला नाही. पिशवीची चेन ओढत त्यानं विचारलं, “माझ्या जागी तुम्ही असत्या, तर ठेवला असता का विश्वास?”

नर्मदाबाई चौकट धरून उभ्या राहिल्या. खोटं बोलायची संधी होती. त्यांनी मान खाली घातली.

“न्हाई,” त्या म्हणाल्या.