साडूभाऊंचे दिवे

अंधारावर दावा लावता आला असता, तर तलासरीच्या माझ्या थोरल्या साडूंनी तो केव्हाच लावला असता. कासा ते आसपासचे पाडे अशी ते प्रवासी जीप चालवत. मी डहाणूहून गाडी घेऊन गेलो, की चहाआधी त्यांनी बॉनेट उघडायचं आणि मीटर लावून दिव्याची नाडी बघायची. "बॅटरीवर साडेबारा, बल्बवर साडेदहा! साडूभाऊ, दोन व्होल्ट वाटेत खाल्ले कुणी?" खाणारी असायची बारीक, जुनी वायर. मग बॅटरीपासून थेट जाड वायर ओढायची आणि मध्ये रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा खटका, बसवायचा. स्विचने फक्त रिलेला हुकूम सोडायचा. माझ्या गाडीला त्यांनी न विचारताच हे करून दिलं, आणि खरं सांगतो, रस्ता रुंद झाल्यासारखा वाटला. एका लग्नात तर नवरी आत बसलेली असताना त्यांनी सजवलेल्या गाडीचं बॉनेट उघडलं होतं, हार बाजूला सारून.

स्वतःच्या जीपवर मात्र त्यांचं समाधान होईना. वायर जाड झाली, मग आणखी जाड. रिले बदलले, काचा बदलल्या. तरी "मंदच आहे." एकदा बाजारातून परतणारी एक मावशी मागच्या सीटवरून ओरडली, "दिवा राहू दे रे बाबा, खड्डा बघ!" सगळी जीप हसली. साडूही हसले.

एका तिन्हीसांजेला अंगणात त्यांनी मीटर माझ्या हातात दिला. "तुम्हीच वाचा." बल्बवर बारा पॉइंट चार. मी पुन्हा वाचलं. वाटेत काहीच सांडत नव्हतं. समोरच्या कुंपणाचा काटा न काटा दिसत होता.

"बघा ना, किती मंद," ते म्हणाले.

हा माणूस रोज जीप भरून माणसं नेत होता.

"किल्ली द्या, साडूभाऊ."

"का?"

"दिवा चांगला आहे."

त्यांनी कुंपणाकडे बघितलं. मग खिशात हात घातला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यामागची नस सुकत चालली आहे. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेलीही फार टिकणार नाही. साडूंना ते माझ्याआधी कळलं. "म्हणजे बल्ब ठीक, वायर गेली. डॉक्टर, दुसरी ओढता येत नाही?" डॉक्टर हसले, आणि मध्येच थांबले.

जीप विकली. गेल्या खेपेला निघताना मी दिवे लावले. साडू चाचपडत पुढे आले आणि त्यांनी काचेवर तळवा टेकवला. सगळा उजेड त्यांच्या सदऱ्यावर पडला होता.

"गरम आहे," ते म्हणाले. "निघा आता."