रुपेरगडाची कोठी

दर रविवारी दुपारी चारच्या ठोक्याला अंधारकाका आमच्यावर चाल करून यायचे, तेही बसल्या जागेवरून. उठायची सोयच नव्हती. बांधकामाच्या साइटवर परांचीवरून पडल्यापासून त्यांचं कमरेखालचं सगळं गेलं होतं, आणि वसईतल्या आमच्या चार मजली बिनलिफ्टच्या इमारतीत ते राहायचे नेमके चौथ्या मजल्यावर. अपघातानंतर इथं राहायला आणल्यापासून नऊ वर्षं हा माणूस खाली उतरला नव्हता. पण आवाज असा, की ‘रुपेरगडच्या एल्फांनो!’ अशी त्यांनी हाक घातली की खाली पार्किंगमध्ये झोपलेली कुत्री उठून बसायची.

तो खेळ होता. फासे, कागद, पेन्सिल आणि भरपूर बडबड, एवढंच सामान. एल्फ म्हणजे कोण, हे लग्न होऊन या इमारतीत येईपर्यंत माझ्या गावीही नव्हतं. रद्दीवाल्याकडून आणलेल्या इंग्रजी पुस्तकांतून काकांनी ते जग उचललं होतं आणि मग आपल्या मनानं वाढवलं होतं. टोकदार कानांचे, हजारो वर्षं जगणारे, झाडांशी बोलणारे एल्फ, आणि त्यांच्या जिवावर उठलेला अंधारराजा. या राजानं एल्फांचा शेवटचा गड, रुपेरगड, वेढलेला. आम्ही एल्फ आत, काका बाहेर. आतल्यांनी सुटायचं, इतका साधा खेळ. तो सहा वर्षं चालला.

एल्फ तिघे होते. दुसऱ्या मजल्यावरचा पास्कल, जो मुलांना कीबोर्ड शिकवायचा आणि चर्चमध्ये गायचा. तळमजल्यावरची प्रज्ञा, जिला कॉलेजपेक्षा लढाईत जास्त गती होती. आणि तिसऱ्या मजल्यावरची मी. मी का जायचे, ते स्पष्टच सांगते. सासूबाईंचे गुडघे गेले होते आणि त्यांना एकटं सोडून बाहेर पडता येत नव्हतं. त्यांनी देवघरातली घंटा वाजवली तर ऐकू येईल इतक्याच लांब मला जाता यायचं. म्हणजे एक मजला वर. माझं सगळं फिरणं तेवढंच होतं.

काका पूर्वी ड्राफ्ट्समन होते, इमारतींचे नकाशे काढायचे. रुपेरगडाचा नकाशाही त्यांनी तसाच काढला होता, ट्रेसिंग पेपरवर, काळ्या शाईनं, एकेका मजल्याचा वेगळा कागद. ते कागद एकावर एक ठेवले की अख्खा गड आरपार दिसायचा. ट्रेसिंगवरची शाई रबरानं जात नाही, ब्लेडनं हलक्या हातानं खरवडावी लागते, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. ‘दिसत नाही हं,’ ते म्हणायचे, ‘पण बोट फिरवा, खरखरीत लागतं. कागद विसरत नाही.’

त्यांचा एक नियम होता. अंधारराजा कधी खोटं बोलत नाही. ‘खोटं कुणाला लागतं? ज्याला भीती असते त्याला. मला कसली भीती? तुम्ही आत, मी बाहेर.’ प्रत्येक एल्फाला दर रविवारी तटावर उभं राहून राजाला एक प्रश्न विचारायची मुभा होती आणि उत्तर खरंच मिळायचं. आम्ही ते प्रश्न वाया घालवायचो. प्रज्ञा विचारायची, फौज किती? काका शांतपणे सांगायचे, ‘मोजायची गरज पडली नाही.’ पास्कल विचारायचा, माझं गाणं आवडलं का? ‘दुसरं कडवं बेसूर होतं.’ मी मात्र आमच्याच धान्याची चौकशी करायचे, जणू राजा रेशनचा दुकानदार. काका कपाळाला हात लावायचे. ‘सूनबाईंच्या हाती गड द्या. एल्फ मरणार नाहीत कधी, पण रोज मुगाची खिचडी खातील.’

वेढ्यात तेच खरे अडकलेले आहेत, हे आम्हाला दिसत होतं. रोज सकाळी खिडकीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली यायची, पाववाला तीत पाव टाकायचा आणि पिशवी हळूहळू वर जायची. मी आमच्या खिडकीतून ती जाताना बघायचे. सकाळी एक बाई येऊन त्यांचं सगळं करून जायच्या. गुरुवारी वटारहून त्यांची बहीण सुमनताई केळीचा घड आणि पालेभाजी घेऊन चार मजले चढायची, आणि दम लागलेला असतानाच सुरुवात करायची, ‘दादा, चल आता. बैठं घर आहे माझं. खाटेवरून थेट वाडीत जाशील.’

‘आणि इथून खाली कसा जाऊ? पोत्यासारखा?’

‘चार माणसं उचलतील की.’

‘मला उचलायचं नाही कुणी,’ काका म्हणायचे, आणि विषय बंद व्हायचा. आम्हाला वाटायचं, मानी माणूस आहे. पास्कल चार वेळा विचारून गप्प बसला.

माझ्या सासूबाई राजापूरकडच्या, तोंडानं तिखट. गुडघ्यांनी त्यांना घरात कोंडलं, जिभेला काही झालं नव्हतं. भाच्याच्या लग्नासाठी त्या एकदा उतरल्या होत्या, पण परत वर यायला दीड तास लागला, दर पायरीला रडल्या, आणि मग म्हणाल्या, ‘आता मेल्यावरच.’ काका त्यांना वहिनी म्हणायचे, त्या काकांना भाऊजी. एका मजल्याचं अंतर, पण नऊ वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. वर जाणारा कुळथाच्या पिठल्याचा डबा आणि खाली येणारा ‘मीठ जास्त’ असा निरोप, एवढाच व्यवहार. रविवारी मी घरात पाऊल टाकलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा. ‘काय गं, सुटलात का?’

‘नाही, आई.’

‘मग काय करता दोन दोन तास?’

सहाव्या वर्षी एका रविवारी काका औषध घेत होते आणि मी गडाचे कागद एकावर एक लावत बसले होते. गडाच्या मधोमध प्रत्येक मजल्यावर एक कोठी होती. चौकोनी, बिनखिडकीची, तीन बाजूंनी जाड भिंती. तळापासून माथ्यापर्यंत बरोब्बर एकावर एक. मी सहज त्यावरून बोट फिरवलं. कोठीच्या आत कागद खरखरीत लागला. पाचही कागदांवर तिथंच.

आणि ती कोठी मी ओळखली. माझ्याच घरात होती ती. आमच्या इमारतीत दर मजल्यावर दोन फ्लॅटच्या मध्ये एक बिनखिडकीची स्टोअररूम आहे, मधे भिंत घालून निम्मी निम्मी वाटलेली. आमच्या अर्ध्या भागात सासूबाईंच्या लोणच्याच्या बरण्या, पापडांचे डबे, गाद्या. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही ती कौतुकानं दाखवायचो.

माझी पाळी आली तेव्हा मी तटावर उभी राहिले, म्हणजे सोफ्याजवळ, आणि विचारलं, ‘अंधारराजा, ही कोठी आधी काय होती?’

काकांनी हातातले फासे खाली ठेवले.

‘वाट होती,’ ते म्हणाले. ‘वरपासून खालपर्यंत.’

‘कुणी बुजवली? तुम्ही?’

एका रविवारी एकच प्रश्न, हा त्यांचाच नियम. पण त्या दिवशी त्यांनी तो मोडला. ‘राजानं नाही बुजवली. आतल्याच एकानं बुजवली, नकाशा काढणाऱ्यानं. अर्ध्या तासाचं काम होतं, ब्लेडनं.’ मग त्यांचा तो दणदणीत आवाज गेला आणि साध्या, म्हाताऱ्या आवाजात ते म्हणाले, ‘या इमारतीत लिफ्ट होती, सूनबाई. कागदावर होती. बिल्डर म्हणाला, काढा, तिथं स्टोअररूम द्या, गिऱ्हाईक खूश होतं. मी काढली. त्याबदल्यात हा फ्लॅट मला स्वस्तात पडला.’

पास्कल म्हणाला, ‘काका, अहो, तुम्ही नोकर माणूस...’

‘नोकर माणसाच्या हातात ब्लेड होतं,’ काका म्हणाले. ‘म्हणून मला उचलू नका म्हणतो. खाली वहिनी बसल्यात. त्या इथं असेपर्यंत मी कुठल्या तोंडानं उतरू?’

मला दया यायला हवी होती. आला तो संताप. दर पायरीला रडणाऱ्या सासूबाई डोळ्यांसमोर आल्या, माझी घंटेच्या टप्प्यातली वर्षं आठवली, आणि मी तशीच खाली निघून आले. पुढचे तीन रविवार वर गेले नाही. डबाही पाठवला नाही. पाववाल्याची पिशवी खिडकीसमोरून वर जाताना दिसली की मी तोंड फिरवायचे. आज त्याची लाज वाटते, पण तेव्हा मी तशीच वागले.

तिसऱ्या रविवारी मी घरातच होते, तरी सासूबाईंनी विचारलं, ‘सुटलात का?’, आणि माझा बांध फुटला. सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता या काकांचा उद्धार करतील. त्या उशीला टेकून बसल्या होत्या. हातातली जपाची माळ त्यांनी बाजूला ठेवली.

‘त्यांना काय माहीत नाही, सांगू?’ त्या म्हणाल्या. ‘इमारत उभी राहत होती तेव्हा बिल्डरनं आम्हा सगळ्यांना खाली मंडपात बोलावलं होतं. म्हणाला, लिफ्ट हवी की कोठी? लिफ्टला दर महिन्याचा खर्च आहे, म्हणाला, कोठी फुकट. हात वर करा. पहिला हात माझा होता.’

‘आई!’

‘बेचाळीस वर्षांची होते मी. दोन दोन पायऱ्या एकदम चढायचे. मला बरण्या ठेवायला जागा हवी होती.’ त्यांनी डोळे पुसले आणि मग एकदम आवाज चढवला. ‘आणि हा गाढव वर बसून एकट्यानं शिक्षा भोगतोय? मला विचारायचं तरी! जा, सांग त्यांना. ब्लेड तुमचं, पण हात माझा होता, म्हणावं. आणि पिठलं घेऊन जा, तीन आठवडे उपाशी ठेवलंयस.’

मी निरोप जसाच्या तसा सांगितला. काकांनी तो दोनदा म्हणायला लावला. मग डबा मांडीवर घेऊन ते रडले, मोठ्यानं, लाज न बाळगता, आणि मीही. थोड्या वेळानं एक चमचा खाऊन म्हणाले, ‘मीठ बरोबर आहे. सुमनला फोन लावा.’

त्यांना न्यायचा दिवस ठरला तशी सासूबाईंनी जाहीर केलं, ‘मीपण उतरणार.’ आमचे हे नाही नाही म्हणत राहिले, पण कुणाचं ऐकतील तर त्या सासूबाई कसल्या. सकाळी सातला त्या निघाल्या, कठडा धरून, बसत बसत, आणि आठच्या सुमारास गेटाजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत टेकल्या. मग काका निघाले. लाकडी खुर्चीला दोन बांबू बांधले होते. पुढे पास्कल आणि आमचे हे, मागे सुमनताईची दोन मुलं, मधे प्रज्ञा ‘डावीकडे, डावीकडे’ ओरडत. काकांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली होती. ‘एल्फांनी अंधारराजाला खांद्यावरून मिरवलं,’ ते घाबऱ्या आवाजात म्हणाले, ‘हे कुठल्याच पुराणात बसत नाही.’ दर मजल्यावर आमच्या त्या कोठीच्या भिंतीजवळून खुर्ची वळली की ते डोळे मिटायचे.

खाली सासूबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ‘मला वाटलं होतं, धिप्पाड असाल. आवाजावरून.’ आणि मग नेहमीच्याच सुरात, ‘काय हो भाऊजी, सुटलात का?’

काकांनी हात जोडले. ‘सुटलो. तुम्ही?’

‘मला वर जायचंय अजून,’ सासूबाई म्हणाल्या.

वटारला काका दीड वर्ष राहिले. केळीच्या वाडीत खाट टाकून बसायचे म्हणे, आणि सुमनताईच्या कोंबड्यांवर हुकूम सोडायचे. आमचे हे रजा घेऊन सासूबाईंजवळ थांबले तेव्हा आम्ही तिघं दोनदा जाऊन आलो. वेढा काही उठला नव्हता. प्रत्येक वेळी खेळायचं ठरायचं आणि गप्पांतच दिवस जायचा. मग एके दिवशी फोन आला. आम्ही तिघं गेलो. पास्कल त्या दिवशी गायला नाही.

तेराव्यानंतर सुमनताई चार मजल्यांच्या सवयीनं चुकून आमच्या दारावरून पुढे गेली, परत फिरली आणि माझ्या हातात एक गुंडाळी ठेवली. रुपेरगडाचे पाचही कागद होते. मी ते सासूबाईंच्या पलंगावर एकावर एक मांडले. कोठीच्या भिंती नव्हत्या. प्रत्येक मजल्यावरच्या भिंती खरवडून काढलेल्या, एके ठिकाणी ब्लेड लागून कागद फाटलेलासुद्धा. वरपासून खालपर्यंत वाट मोकळी होती. सासूबाई बराच वेळ त्यावरून बोट फिरवत बसल्या.

पुढच्या महिन्यात सोसायटीची मीटिंग त्यांनी हट्टानं आमच्या जिन्यात, तिसऱ्या मजल्यावर भरवायला लावली. प्रश्न एकच होता. सगळ्यांनी आपापल्या कोठ्या सोडल्या तर मधल्या भिंती आणि दर मजल्याची जमीन फोडून तिथं लिफ्ट बसेल. सोडायला कोण तयार आहे? पहिला हात सासूबाईंचा वर गेला. दुसरा पास्कलचा. प्रज्ञाच्या आईबाबांनीही वर केला, तळमजल्यावर राहून. पण पहिल्या मजल्यावरचे म्हणाले, आम्हाला लिफ्ट कशाला? शेजारचे म्हणाले, सामान कुठं ठेवायचं? अजून ते तसंच अडून आहे. दोन घरांच्या सह्या बाकी आहेत.

आम्ही मात्र आमची कोठी रिकामी केली. बरण्या ओट्याखाली आल्या, गाद्या माळ्यावर गेल्या. परवा रविवारी दुपारी सासूबाई पलंगावर दिसल्या नाहीत, म्हणून मी घाबरून शोधायला लागले. त्या कोठीत होत्या. खुर्ची आत ओढून नेली होती, चांगली साडी नेसल्या होत्या, मांडीवर पर्स.

‘आई, इथं काय करताय?’

‘खाली चाललेय,’ त्या म्हणाल्या. ‘दार लाव.’