बांधापलीकडची समाधी

गाडीत मी सर्वांत मागे, पाय खाली सोडून बसलो होतो. त्यामुळे गाव सुटले तरी माझे शेत बराच वेळ दिसत राहिले, आणि शेताच्या कोपऱ्यात उभा असलेला बसप्पाही. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात खोरे. सगळे गाव निघाले होते. तो एकटा मागे राहिला होता.

आश्विनातला पाऊस आमच्या भागात बेताने येतो. त्या वर्षी तो वाऱ्याला बरोबर घेऊन आला. धाब्याच्या घरांची माती विरघळली, चिंचा उन्मळून पडल्या, आणि वरच्या अंगाच्या तलावाची पाळ पाझरू लागली. तालुक्याहून हुकूम आला, दवंडी फिरली: सर्वांनी मुरुम गावी जावे. निजाम सरकारच्या हुकमाला घाबरायची सवय होती, विश्वास ठेवायची नव्हती. लेव्हीचे (सक्तीने घ्यायचे) धान्य नुकतेच वसूल झाले होते. गाव रिकामे करून उरलेली पेवे (धान्याची तळघरे) उघडायचा हा डाव आहे, असे निम्मे लोक म्हणत होते, आणि म्हणत म्हणत गाड्या जुंपत होते.

मला पेवाची चिंता नव्हती. श्रावणात माझी बायको नीलव्वा गेली. आम्हा लिंगायतांत दहन करत नाहीत. तिला आमच्याच शेतात, बांधाला लागून, बसवून पुरले होते. समाधीवर अजून नुसता मातीचा ढीग आणि एक दगड होता. वर्ष सरल्यावर ओटा बांधायचा होता. त्या मातीवरून शेताकाठच्या ओढ्याचे पाणी गेले तर काय होईल, हे मी मनातही पुरते उच्चारत नव्हतो. आणि बांधापलीकडचे शेत बसप्पाचे. त्या बांधावरून आमच्या वडिलांपासून वाकडे होते. पुरतानाही तो म्हणाला होता, "मास्तर, बांधाला यवढं खेटू नका."

"त्यो का ऱ्हायला असंल?" गाडीतल्या काशव्वांनी विचारले. म्हातारी आमच्या शेजारची. तोंडात तंबाखू आणि डोळे सगळ्यांच्या बोचक्यांवर.

"बैल आजारी आहे म्हणाला."

"बैल कवाच म्होरच्या गाडीला जुंपून गेला की! म्या बघितला न्हवं. गाव रिकामं, बांध मोकळा. तुमी लई शिकलासा, मास्तर, पर तुमाला माणूस वाचता येत न्हाय."

पुढे काळ्या चिखलात चाक रुतले. सगळे उतरले, पण आपापले बोचके काखेत धरूनच. त्यामुळे चाकाला लावायला प्रत्येकाचा एकच हात मोकळा होता.

मुरुमला एका अडत्याच्या गोदामात जागा मिळाली. आम्हाला आत घेण्याआधी त्याने शेंगांच्या पोत्यांच्या तोंडावर चुन्याच्या खुणा ओढल्या. मग मात्र त्याच्या बायकोने कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि परातभर हुग्गी (गव्हाची खीर) आणून ठेवली. "ऊटा आतेन्री?" (जेवण झालं का?) असे ती प्रत्येकाला विचारत फिरली. हुग्गी नीलव्वाच्या हातच्यासारखी दाट होती. माझ्याच्याने खाववली नाही.

"खावा वो," काशव्वा म्हणाल्या. "त्यात काय कालवलेलं न्हाय. म्या आधी बाकीच्यास्नी खाऊ दिलं, मग तोंड लावलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मेंढरे घेऊन एक धनगर आमच्या गावाकडून आला. पाळ फुटली, असे त्याने सांगितले. मी त्याला दारातच गाठले.

"ओढ्याकाठच्या शेतात कोणी दिसलं?"

"व्हय की. येक माणूस खोरं मारत व्हता. त्या नव्या समाधीपाशी."

"माती टाकत होता की उकरत होता?"

"पावसात काय कळतंय, मास्तर? खोरं वर-खाली व्हत व्हतं."

काशव्वांनी माझ्याकडे पाहिले आणि पिंक टाकली. "सांगितलं व्हतं न्हवं?"

पाणी उतरल्यावर परतलो. वाटेत मेलेल्या शेळ्या, काट्याकुट्यात अडकलेली गवताची छपरे. पेवे कोणी उघडली नव्हती. पण त्यांत पाणी शिरून ज्वारी आंबली होती, आणि साऱ्या गावाला त्याचा वास होता. बसप्पाच्या घराची भिंत आडवी झाली होती. मी घरी न जाता शेतात गेलो.

समाधी होती. मातीचा ढीग, वर दगड, सगळे जसेच्या तसे. माझ्या बाकीच्या रानात वाळू पसरली होती. समाधीच्या अलीकडून, माझ्या रानातून, नवा रुंद बांध वळसा घेऊन गेला होता. पलीकडचा जुना बांध नाहीसा झाला होता. त्याचीच माती इकडे आली होती. नीलव्वा आता बसप्पाच्या बाजूला होती.

तो तिथेच बसला होता. हाताला चिंध्या गुंडाळलेल्या.

"बैल आजारी होता ना?" मी विचारले.

"तसं बोललो न्हाय तर तुमी ऱ्हाऊ दिलं असतं व्हय मला हितं?"

"बांध माझ्या रानात आहे, बसप्पा."

"पानी तुमच्या रानातनं आलं. माती पानी बघून टाकायची का तुमचा नकाशा बघून?"

"मग काढणार कधी?"

"माती जरा वाळू तर द्या की."

त्याला नुसते स्वतःचे शेत वाचवायचे असते, तर जुना बांधच उंच केला असता आणि समाधी पाण्यात गेली असती. हे मला कळते. आणि तसे केले असते तर रानाची ती पट्टी त्याच्याकडे गेली नसती, हेही कळते. घराची भिंत पडत असताना माणूस खोरे मारत राहतो ते कशासाठी, याचा विचार मी अनेकदा केला. दोन्ही उत्तरे खरी वाटतात.

माती केव्हाच वाळली. बांधावर हरळी धरली आहे. सोमवारी मी विभूती घेऊन जातो. कधी कधी दगडावर आधीच कोणी ताजी विभूती ओढलेली असते, शेवंतीचे फूल ठेवलेले असते. परवा बांधाशी चपला काढत होतो, तेव्हा बसप्पाने तुरीतून मान वर केली.

"या, मास्तर," तो म्हणाला. आपल्या रानात आलेल्या पाहुण्याला म्हणतात तसे.

मी थांबलो. पलीकडे तिचा दगड दिसत होता.

"आलो," म्हणालो, आणि बांध ओलांडला.