चौघांत एक बॉडी

रोल धुवायला मुंबईला पाठवावा लागायचा, तेव्हा कुठे काही दिवसांनी फोटो हातात पडायचे. किश्शांचं तसं नसतं. ते धुवावे लागत नाहीत, आणि दर वेळी सांगताना आधीपेक्षा मोठ्या साइजमध्ये निघतात! आम्ही चौघं जमलो की कुणीतरी म्हणतंच, "अरे, ती बॉडी घ्यायला गेलो होतो तेव्हा..." झालं, चहा गार होतो. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला वाटतं, सावित्री नदीत कुणाचं तरी प्रेत सापडलं!

चौघं म्हणजे कोण ते सांगतो. मी महाडला शाळेत चित्रकला शिकवायचो. सुधाकर मोरे कोर्टात क्लार्क. भाजीवालीलाही उलटतपासणी घेतल्याशिवाय सोडायचा नाही. विमलताई पोलादपूरच्या दवाखान्यात नर्स. आणि शांताराम शेलार मूळचा कुडपणचा, मुंबईला गोदीत कामाला, सणासुदीला गावी. ही गोष्ट एकोणीसशे सत्तर-ऐंशीच्या दरम्यानची.

दर मार्चला सत्याग्रहाच्या आठवणीला चवदार तळ्यावर माणसांची रीघ लागते. तेव्हाही लागायची. मुंबईचे फोटोग्राफर यायचे, स्टेजचे फोटो काढायचे, जायचे. स्टेजसमोर उन्हात बसलेल्यांचा फोटो कोण काढणार? माझे वडील आयुष्यभर त्या गर्दीत बसले. ते गेले तेव्हा भिंतीवर लावायला घरात त्यांचा एक फोटो निघाला नाही. मग मीच आठवून आठवून पेन्सिलने चित्र काढलं. अगदी जीव ओतून. आईने ते हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "छान काढलंस रे. कोण आहेत हे?"

त्या दिवशी मी ठरवलं, कॅमेरा घ्यायचा. तिघांना सांगितलं, तर तेही भागीदार झाले.

* * *

सुरुवात शांतारामने केली. शिमग्याला आला तो थेट माझ्या घरी. मोरेही तिथेच बसलेला. "मास्तर, काम झालं! कॅमेरा आणलाय! बोटीवरच्या एका खलाशाकडनं घेतला, अगदी स्वस्तात!"

पिशवीतून त्याने एक लोकरी मोजा काढला. मोज्यातून लेन्स काढली. सुंदर, स्वच्छ, जपानी लेन्स. आम्ही पुढे काय निघतंय म्हणून मोज्याकडे बघत राहिलो.

"आणि कॅमेरा?" मी विचारलं.

"हाच ना तो!"

मोरेने लेन्स डोळ्यापाशी धरली, उलटी केली, सुलटी केली. "शांताराम," तो म्हणाला, "तू चष्मा आणलायस. आता माणूस शोधायला हवा."

तर असं झालं. लोक कॅमेरा घेतात आणि मग त्याला लेन्स बघतात. आमच्याकडे लेन्स आधी आली. तिच्या मागच्या बाजूला आटे होते, बरणीच्या झाकणाला असतात तसे. ते आटे ज्यात बसतील अशी नुसती बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, हवी होती. नवी घेण्याची ऐपत चौघांत मिळूनही नव्हती. म्हणजे सेकंडहँड!

बजेट विमलताईंनी ठरवलं. "उसनं घ्यायचं नाही, दागिना मोडायचा नाही, पोरांच्या फीला हात लावायचा नाही. आपल्या चैनीतून उरेल तेवढंच." शांतारामने विडी सोडली. मोरेनेही सोडली, पण फक्त स्वतःच्या पैशांची!

* * *

पहिली बॉडी गावातच बघितली. एक स्टुडिओवाले काका धंदा आवरत होते. त्यांनी कपाटातून जाडजूड कॅमेरा काढला. "लोखंड आहे, लोखंड! डोक्यात घातला तर माणूस मरेल, कॅमेऱ्याला काही होणार नाही."

मोरेची उलटतपासणी सुरू झाली. "किती वर्षं वापरला? कुठे ठेवला होता? पावसाळ्यात कुठे होता? कुणी साक्षीदार?"

काका बिचारे उत्तरं देत होते. मग शांतारामने लेन्स लावली. एक आटा बसला. दुसऱ्याला अडकली. तिसऱ्याला हलेना. पुढेही जाईना, मागेही येईना! चौघांनी आलटून पालटून जोर लावला. शेवटी काकांच्या सौ. आतून खोबरेल तेल घेऊन आल्या, दोन थेंब सोडले आणि लेन्स सुटली.

शांतारामने ती पुन्हा मोज्यात घातली आणि काकांना हात जोडले. "काका, स्थळ चांगलं हाय. पण पत्रिका जुळत नाय."

* * *

मग मुंबई. फोर्टात सेकंडहँड कॅमेऱ्यांची दुकानं होती. पहिल्या दुकानदाराने काचेतून एक बॉडी काढली, अशी चकचकीत की तिच्यात बघून भांग पाडावा. "एका डॉक्टरांची आहे. फक्त रविवारी वापरायचे."

मला एवढं माहीत होतं की मागचं झाकण उघडून आतला पडदा उजेडाकडे धरायचा, त्यातून उजेड गळता कामा नये. धरला. काळ्या पडद्यात बारीक बारीक भोकं चमकत होती.

मोरेने डोकावून बघितलं. "डॉक्टर रविवारी आकाशातले तारे बघत असणार!"

दुसऱ्या दुकानात एक वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांनी तीन बॉड्या समोर मांडल्या. तिन्हींत आमच्या लेन्सचे आटे बसले. आता निवडायची कशी? बटण दाबलं की तिन्ही 'खट्ट' वाजत होत्या.

विमलताईंनी पर्स उघडली आणि स्टेथोस्कोप काढला!

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळली. ताईंनी शांतपणे नळ्या कानात घातल्या, चकती पहिल्या बॉडीवर टेकवली आणि मला म्हणाल्या, "मास्तर, स्पीड एक सेकंदाला लावा. दाबा." मी दाबलं. त्यांची नजर मनगटावरच्या घड्याळावर. "पुन्हा. पुन्हा." मग मान हलवली. "हा मध्येच श्वास धरतोय." दुसरीला टेकवली. "ह्याला धाप लागलीय." तिसरी. "हा बरा आहे, पण आतून कुठेतरी घरघर आहे. दमेकरी!"

दुकानदाराने चष्मा काढून ठेवला. "बाईजी, आप कौन?"

"नर्स. पोलादपूर."

ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि कापडात गुंडाळलेली एक बॉडी घेऊन आले. कोपरा चेपलेला, कातडं सोललेलं, रंग उडून पितळ दिसत होतं. "शकल मत देखो," ते म्हणाले. "दिल सुनो."

ताईंनी ऐकलं. एक सेकंद. अर्धा. पाव. प्रत्येक स्पीड पुन्हा पुन्हा. आम्ही तिघं ऑपरेशन थिएटरबाहेर उभे असल्यासारखे ताटकळत. शेवटी त्यांनी नळ्या काढल्या आणि हसल्या. "ह्याला डिस्चार्ज द्या. घरी नेऊ."

फक्त उजेड मोजणारं मीटर बंद होतं, म्हणूनच ती आमच्या बजेटात बसली. मी जरा खट्टू झालो. मोरे म्हणाला, "अहो मास्तर, मीटर बंद असलेलीच टॅक्सी परवडते! उजेडाचं तुम्ही बघा. आयुष्यभर पोरांना सावल्या काढायला शिकवताय ना?"

आणि खरंच, पुढे उजेडाचा अंदाज मीच सांगायचो. बहुतेक वेळा बरोबर यायचा. आता स्वतःच्या तोंडाने सांगतोय, पण सांगतोच!

* * *

पहिला रोल घालायचा मान मोरेने मागून घेतला. जागा ठरली महाडजवळचं सव गाव. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांवर रविवारी माणसं आंघोळीला येतात. आम्ही वाफेतून निघणारी माणसं टिपली, झाडं टिपली, एकमेकांना टिपलं. एक म्हातारबुवा तर ओल्या पंच्यावर होते, ते आमच्यासाठी घरी जाऊन कोट घालून आले. रोल काही संपेना. मोरे खूश. "बघा, जुन्या बॉडीची बरकत! छत्तीसचा रोल, पन्नास फोटो झाले!"

विमलताईंना शंका आली. त्यांनी रोल परत गुंडाळायची चावी फिरवून बघितली. ती नुसतीच फिरली, रोल ओढल्याचा जोर लागेना. रोलची जीभ पलीकडच्या दांडीत अडकलीच नव्हती. दिवसभर आत फिल्म जागची हललेली नव्हती!

कोटवाले बुवा अजून पोज देऊन उभेच होते. शांताराम त्यांच्याजवळ गेला आणि अदबीने म्हणाला, "बाबा, ही रंगीत तालीम झाली. आता खरा नाटक हाय."

बुवांनी कोट झटकला आणि पुन्हा उभे राहिले. त्यांचा तो फोटो आमच्या बॉडीचा पहिला फोटो.

* * *

बॉडी पाळीपाळीने चौघांच्या घरी राहायची. खंडेनवमी आली तेव्हा ती मोरेकडे होती. वहिनींनी विळी, कोयता, मोरेची सायकल आणि त्याच रांगेत कॅमेरा मांडला. सगळ्यांना सारखंच हळदकुंकू. वर झेंडूचं फूल!

दुसऱ्या दिवशी मोरे पडलेल्या चेहऱ्याने ताईंकडे हजर. स्पीडच्या चकतीवर, बटणावर, कातड्याच्या चिरांत सगळीकडे लाल ठिपके.

ताईंनी कॅमेरा हातात घेतला, फिरवून फिरवून पाहिला. "घाबरू नका," म्हणाल्या, "गोवर आहे. निघून जाईल."

* * *

एकदा कुडपणला शांतारामच्या घरी गेलो. वर पठारावर धुकं आणि नाचणीची शेतं. आम्ही आल्याची बातमी क्षणात पसरली. बहुतेक घरांतले पुरुष मुंबईला, त्यामुळे अंगणात रांग लागली ती बायकांची. प्रत्येकीला आपला नि पोरांचा फोटो काढून मुंबईला धाडायचा होता.

शांतारामची वहिनी ठेवणीतलं लुगडं नेसून, दोन पोरांना पुढे घेऊन उभी राहिली. चेहरा असा की कुणी कर्ज बुडवलंय. मी म्हटलं, "वहिनी, जरा हसा की!"

"नको."

"अहो, तुमचे हे बघतील. बरं वाटेल त्यांना."

"म्हणून तर नाय हसत! हसले तर म्हणतील, इकडं सगळा बरा चाललाय. मग दिवाळीला कशाला येतील?"

फोटो तसाच काढला आणि धाडला. दिवाळीला शांतारामचा भाऊ आला! पुढच्या खेपेला कुडपणमध्ये एकही बाई कॅमेऱ्यासमोर हसली नाही.

* * *

मग तो मार्च. पहाटेपासून आम्ही तळ्यावर. विमलताईंचा हात अजिबात हलायचा नाही, म्हणून गर्दीचे फोटो त्याच काढायच्या. मी उजेड सांगायचो, मोरे रस्ता करून द्यायचा, शांताराम पिशवी सांभाळायचा. आम्ही स्टेजकडे पाठ केली आणि समोर बसलेल्यांना टिपत गेलो. तान्ह्या पोरांना, काठीवर हनुवटी टेकलेल्या म्हाताऱ्यांना, भाकरीचं गाठोडं सोडणाऱ्या बायकांना.

दुपार उलटल्यावर एका पेपरचा फोटोग्राफर धापा टाकत पोचला. वाटेत घाटात ट्रक आडवा झाला होता. त्याच्या गळ्यात कोरा करकरीत कॅमेरा. आमची चेपलेली बॉडी बघून हसला. "ही कुठल्या म्युझियममधून आणली?"

 त्याने इकडे तिकडे बघितलं. सकाळची गर्दी पांगली होती. थोड्या वेळाने तोच परत आला, आवाज बराच मऊ. "ताई, सकाळचा रोल आहे ना तुमच्याकडे? मुंबईत धुऊन घेतो, निगेटिव्ह परत पाठवतो."

 वर्षभर ज्या दिवसाची वाट बघितली तो दिवस त्या डबीत होता.

ताईंनी डबी मुठीत धरली. "स्टेजचा एकही फोटो नाही ह्यात. समोरच्या माणसांचा छापणार असाल तर न्या."

त्याने हात पुढे केला. "छापतो," म्हणाला.

छापला! मोठा, वरच्या अर्ध्या पानात. निगेटिव्हही शब्दाप्रमाणे परत आली. मोरेने स्टँडवरचे पेपर उचलून वस्तीत वाटले. फोटोत अगदी पुढे आमच्या वस्तीतले दगडूकाका होते. पेपर दोन्ही हातांत धरून ते प्रत्येक दारात गेले. "बघा! माझा फोटो पेपरात आला, आणि तोही काही गुन्हा न करता!"

* * *

आता शेवटचा किस्सा सांगतो. ह्याच्या वरचा माझ्याकडे नाही.

त्याच्या पुढच्या वर्षीचा मार्च. तळ्याच्या पायऱ्यांवर आमच्यापुढे फोटोसाठी रांग. आदल्या वर्षीचा पेपर सगळ्यांनी बघितलेला! रांगेत एक आजी आली, पोलादपूरकडच्या एका वाडीतली. पांढरं लुगडं, हातात पाण्यासाठी रिकामी बाटली. बरोबरच्या सुनेने सांगितलं, सत्याग्रहाच्या वेळी ही आईचा पदर धरून इथे आली होती. तेव्हा एवढीशी होती.

विमलताईंनी तिला पायरीवर बसवलं. पदर नीट केला. कॅमेरा डोळ्याला लावला.

"थांब गो," आजी म्हणाली. "त्यातनं तुला काय दिसतं?"

"बघायचंय?"

आजीने बाटली खाली ठेवली. ताईंनी पट्टा तिच्या गळ्यात घातला, एक डोळा मिटायला शिकवलं. आधी दोन्ही मिटले. मग जमलं. आजीने कॅमेरा हळूहळू फिरवायला सुरुवात केली. पलीकडचा काठ. पायऱ्या उतरणाऱ्या बायका. ओंजळीने पाणी पिणारी पोरं. बाटल्या भरणारे, पाय बुडवून बसलेले, निळे झेंडे लावलेल्या गाड्यांतून अजून उतरत असलेले. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग परत.

मागे रांग ताटकळत होती. एरवी सगळ्यांना घाई करणारा मोरे हात आडवा धरून रांगेला थोपवत होता.

आजीने डोळा काढला आणि तळ्याकडे नुसतं बघितलं. पुन्हा कॅमेरा लावला, पुन्हा बघितलं. मग तो गळ्यातून काढून ताईंच्या हातात दिला.

"सगळी मावली गो!"